प्रति: व्हीव्हीटी फिक्स करताना फेजरचं काय?

व्हीव्हीटी, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, एका जागी फिक्स करायला तिच्या सोलेनॉइडचा (तेलाचा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या विजेच्या कॉइलचा) कनेक्टर काढला की कॅम फिक्स झाला, हे वर लिहिलंय ते तो तेलाचा व्हॉल्व्ह जागेवर असेपर्यंतच खरं. तेव्हा तेलाचा दाब इनटेक फेजरला (कॅमच्या टोकाला बसून त्याचा कोन बदलणाऱ्या भागाला) बहुतेक इंजिनांत पूर्ण रिटार्डला (उशिराच्या टोकाला) दाबून धरतो. तो व्हॉल्व्ह काढून तिथे ब्लँकिंग प्लेट (भोक बंद करणारी पट्टी) मारली, की तो दाब जातो आणि कॅमचे सगळे झटके एकट्या लॉक पिनवर (फेजर अडकवणाऱ्या खिळीवर) येतात. तिचं भोक ओव्हल होतं आणि टकटक सुरू होते. शिवाय रिटार्डला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, म्हणून कमी आरपीएमचा टॉर्क जातो. ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ते लगेच कळतं.

त्यापेक्षा फेजर उघडून व्हेनच्या (आतल्या फिरत्या पात्याच्या) दोन्ही बाजूंना मापात घासलेले स्टीलचे ठोकळे बसवा. वेल्डिंग नकोच, उष्णतेने स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) वाकतो. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पिस्टनवर क्ले (मऊ माती) ठेवून इंजिनाच्या व्हॉल्व्हचं पिस्टनपासूनचं अंतर मोजा. इनटेकला 2 मिमी तरी हवंच.