दुर्बिणीतून गर्भाशय काढल्यानंतर रक्ताच्या गुठळीचा धोका

प्रश्न : माझ्या बहिणीचे वय ४६ आहे आणि फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातील साध्या गाठींमुळे) तिचे गर्भाशय दुर्बिणीद्वारे काढायचे ठरले आहे. रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून ती इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेते. वजनही थोडे जास्त आहे. छेद इतके लहान असताना पायाच्या शिरेत गुठळी होण्याची चिंता करावी का, आणि रक्त पातळ करणारे इंजेक्शन मागून घ्यावे का?

उत्तर १ : मी भूलतज्ज्ञ आहे. धोका पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी असतो, परंतु शून्य नसतो, कारण तो केवळ छेदाच्या लांबीवर ठरत नाही. पोटात साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरला जातो, तो मोठ्या शिरांवर दाब देतो आणि भुलेखाली पायांचे स्नायू निपचित असल्याने रक्त तेथे साकळते. डोके खालच्या बाजूला झुकवल्याने थोडी भरपाई होते खरी, तरीही शस्त्रक्रिया लांबली की धोका वाढतोच. त्यामुळे पायांना लावलेल्या हवेच्या पट्ट्या आळीपाळीने फुगवून पोटऱ्या दाबत राहणे आणि शक्य तितक्या लवकर चालायला लावणे, ही आमची पहिली साधने.

उत्तर २ : गुठळीचा धोका गुणांत मोजणाऱ्या कॅप्रिनी गुणपद्धतीने हिशेब करून पाहा. ४१ ते ६० वयाचा १ गुण, ४५ मिनिटांहून लांबलेल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे २, बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) २५ च्या वर असल्यास १ आणि गोळ्यांचा १, म्हणजे एकूण ५. पाचपासून धोका जास्त मानतात. यातली बदलता येण्याजोगी गोष्ट म्हणजे गोळ्या. त्या चार आठवडे आधी थांबवण्याचा विचार करतात, मात्र रक्तस्राव पुन्हा वाढू शकतो, म्हणून हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा, आणि तोही आत्ताच, आदल्या दिवशी नव्हे.

उत्तर ३ : मग इंजेक्शन सर्वांनाच का देत नाहीत?

उत्तर १ (पुन्हा) : कारण हेपरिनच्या वर्गातील औषधाने आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि ताज्या जखमेजवळ तो चटकन लक्षात येत नाही. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला पूर्वी गुठळी झाली असेल, किंवा कर्करोगाची शस्त्रक्रिया असेल, तर पारडे औषधाकडे झुकते; कर्करोगात ते घरी गेल्यावरही काही आठवडे चालू ठेवावे लागू शकते. घरी गेल्यावर एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणे जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट तातडीच्या विभागात जावे.