रंगीत काच बघायला मामांना कुठं नेऊ?

काकणवाली, अंबाजोगाई
लेकाकडं सिअ‍ॅटलला गेले होते. तिथं डेल चिहुली या अमेरिकी काच-कलाकाराच्या कामाचं प्रदर्शन आहे, २०१२ पासून कायमचं. एका दालनाचं छतच काचेचं, त्यावर शिंपल्या-फुलांसारखे रंगीत आकार रचलेले. उजेड त्यातून गाळून खाली भिंतीवर उतरतो. मान अवघडली तरी हलवेना. पुढं काचघरात वर टांगलेली लाल, शेंदरी, पिवळ्या फुलांची १०० फुटी वेल.

मामा म्हणजे माझे सासरे, कासार, वय ८२. योगेश्वरीच्या देवळापाशी जन्मभर बांगड्या भरल्या. फोटो दाखवले तर म्हणाले, "माय, हा उजेड मोबाईलचा. काच उजेडाला धरल्याबिगर कळत नसती." चिहुलींचा एक डोळा १९७६ च्या अपघातात गेला, १९७९ ला खांदा निखळला, तेव्हापासून फुंकणी (काच फुगवायची नळी) कारागीर धरतात आणि ते रंग-आकार सांगतात, हे ऐकून मात्र मामा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचेही हात आता थरथरतात.

त्यांनी विचारलंय, हा लाल कशाचा? आणि जवळपास जुनी काच कुठं बघायला मिळेल?

रसायनवाल्या बाई, नांदेड
निळा कोबाल्टचा, जांभळा मँगनीजचा. शेंदरी-लाल बहुधा कॅडमियम-सेलेनियमचा. माणकासारखा गुलाबी-लाल मात्र सोन्याचा! काचेत सोनं अगदी चिमूटभर जातं. आधी रंग जवळजवळ दिसतच नाही, परत तापवल्यावर उमलतो. मामांना हे नक्की सांगा.

तेरणाकाठ
ताई, तेरला या. ढोकीवरून जवळच. लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातले मणी आहेत, त्यात काचेचेही. तेर म्हणजे जुनं तगर. इथला माल पार भडोचच्या बंदरात जायचा. सोमवारी येऊ नका, आधी चौकशी करून या.

काकणवाली, अंबाजोगाई
जाऊन आलो. सोन्याचं ऐकून मामा म्हणाले, "म्हणून तो लाल गरीब दिसत नाही."
मणी कपाटात होते, हातात घेता आले नाहीत. तरी चष्मा पुसून पुसून अर्धा तास बघितले. एका निळ्या मण्यापाशी मला बोलावलं. "भोक बघ. आधी नळी ओढली, मग तुकडे पाडले. बांगडीचं काम करणाऱ्याला हे लगेच दिसतं." घरी येईपर्यंत तेच बोलत होते.
पैठणलाही असे मणी बघायला मिळतात का? दिवाळीनंतर न्यायचंय.