आंघोळीनंतर पुरळ न येता अंगाला तीव्र खाज सुटते: पुढे कोणत्या तपासण्या कराव्यात?

नमस्कार.

माझे वय ४२ वर्षे असून मी चिपळूणजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेले चौदा महिने मला एक त्रास आहे, जो सांगितल्यावर समोरचा माणूस आधी माझ्या हाताकडे पाहतो आणि मग, हातावर काहीच दिसत नसल्यामुळे, माझ्या चेहऱ्याकडे पाहतो. आंघोळ करून अंग पुसल्यानंतर पाच-सात मिनिटांनी मांड्यांवर चुणचुण सुरू होते, तिथून ती पोटऱ्या, दंड, पोट आणि पाठ अशी पसरत जाते, आणि थोड्याच वेळात तिची अशी खाज होते की हातातले काम टाकून बसावे लागते. हिला खाज म्हणावे की टोचणी, हेही मला नीट ठरवता येत नाही. गवताची कुसळे अडकलेला कपडा अंगात चढवल्यासारखे वाटते, आणि खाजवल्याने बरे वाटण्याऐवजी आग वाढते. चाळीस-पन्नास मिनिटांनी हे सगळे आपोआप ओसरते. चेहरा, तळहात आणि तळपाय यांना मात्र आजपर्यंत एकदाही त्रास झालेला नाही.

अंगावर काही म्हणजे काही उठत नाही. खाजकुइली लागली तरी निदान कातडी लाल होते. इथे माझ्याच नखांचे ओरखडे सोडले तर दाखवण्यासारखे काहीच नसते. सासूबाईंनी सुरुवातीला पित्त समजून मायेने आमसुलाचे पाणी अंगाला चोळले. पाण्याने सुटलेल्या खाजेवर पुन्हा पाणीच लावले गेल्याने पुढचा तास कसा गेला ते मी लिहीत नाही. पित्ताच्या गांधी मला कशा असतात ते ठाऊक आहे, माझ्या बहिणीला त्या नेहमी उठतात, आणि हा प्रकार तो नव्हे एवढे मी खात्रीने सांगू शकते.

पाण्यातच दोष असेल, हा पहिला संशय घरात सर्वांनाच आला, कारण आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि ते जड आहे. गिझरच्या कॉइलवर वर्षभरात पांढरा थर बसतो. म्हणून मी एक एक गोष्ट वगळून पाहिली. साबण महिनाभर बंद ठेवला, कपड्यांची पावडर बदलली, टॉवेल नुसत्या पाण्यात उकळून घेतले. मिरजेला माहेरी जाऊन नळाच्या पाण्याने आणि एकदा शेतातल्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ केली. शेवटी पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार विकत आणून त्याने आंघोळ केली, ज्यावर यजमानांनी हिशेबाच्या वहीत स्वतंत्र नोंद केली. कढत, कोमट, थंड असे तिन्ही प्रकार झाले. फरक पडला नाही. एका रविवारी स्वच्छ पाण्यात भिजवलेला पंचा, खोलीच्याच तापमानाचा, फक्त डाव्या मांडीवर वीस मिनिटे ठेवला, तर खाज त्याच मांडीला सुटली आणि उजवी शांत राहिली. पावसात भिजल्यावरही तेच होते, आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. पाणी पिताना मात्र काहीही होत नाही.

आजपर्यंत तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी खरूज समजून घरातल्या पाचही जणांना परमेथ्रिनचे मलम मानेपासून पायापर्यंत लावायला सांगितले, तेही आठवड्याच्या अंतराने दोनदा. कोणालाही खरूज नव्हती, पण दोन रात्री सगळे कुटुंब माझ्यावर रागावून झोपले. दुसऱ्यांनी कोरडी त्वचा असे निदान करून मॉइश्चरायझर दिले, जे मी आजही लावते आणि ज्याने हिवाळ्यातला कोरडेपणा गेला, खाज गेली नाही. तिसऱ्यांनी सेटिरिझिन आणि नंतर फेक्सोफेनाडिन दिले. सेटिरिझिनने आठव्या तासिकेला डोळे मिटू लागले, फेक्सोफेनाडिनने तेही झाले नाही आणि खाजही हटली नाही. पुढच्या भेटीत त्यांनी घरात काही ताण आहे का, असे विचारले. ताण आहे, पण तो आंघोळीनंतर बरोबर सात मिनिटांनी येत नाही.

त्यानंतर मी स्वतः वाचायला सुरुवात केली. पाण्याच्या स्पर्शाने अंगावर बारीक गांधी उठण्याचा विकार १९६४ मध्ये शेली आणि रॉन्सली या दोन अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवला. त्याहून वेगळा, म्हणजे काहीही न उठता नुसती खाज सुटण्याचा प्रकार, १९८१ मध्ये ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये मांडला आणि त्याला ‘अ‍ॅक्वाजेनिक प्रुरायटस’ हे नाव मिळाले. १९८५ मध्ये त्यांनी अशा ३६ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्याचे तापमान कोणतेही असो, संपर्कानंतर काही मिनिटांतच खाज सुटणे, त्वचेवर काही न दिसणे, आणि दुसरे कोणतेही कारण न सापडणे, या खुणा वाचताना मला आपलीच केस-फाइल वाचत असल्यासारखे वाटले. पण त्यातले शेवटचे कलम, ‘दुसरे कारण न सापडणे’, हे माझ्या बाबतीत अजून कोणी तपासलेलेच नाही, आणि माझा मुख्य प्रश्न तोच आहे. रक्तातल्या पेशी वाढण्याच्या विकारात अशी खाज येते असे वाचले. मग कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तज्ज्ञाकडे कराव्यात? माझी साखर, थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंड यांचे अहवाल व्यवस्थित आहेत.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. आंघोळीच्या पाण्यात खाण्याचा सोडा घालावा असे अनेक ठिकाणी दिले आहे, परंतु सगळीकडे मापे पाश्चात्त्य टबाची आहेत. वीस लिटरच्या बादलीत नेमका किती घालावा, आणि तांब्याने अंगावर ओतलेल्या पाण्यात त्याचा उपयोग होतो का?

मी आता सकाळी आंघोळ करत नाही. प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर पोटऱ्या खाजवत उभे राहणे शक्य नाही, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी करते. त्यामुळे घरात माझे नाव ‘पारोशी’ पडले आहे. पारोशाने देवपूजा चालत नाही, म्हणून ती माझ्याकडून काढून मुलीकडे गेली, आणि सणावाराला स्वयंपाकघरात शिरताना सासूबाई काही बोलत नाहीत, पण दारातून बाजूला होतात. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान केले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, की अंगाला भरपूर तेल लावून पाणी घेतल्यास खाज निम्म्याने कमी होते. उटण्याने तेल निघाले तिथे ती होतीच. हा अनुभव आणखी कोणाला आहे का, हेही कळवावे.

प्रतिसाद १

ताई, मी डॉक्टर नाही, पण आपण लिहिले आहे त्यातून स्वतः गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी ५६ वर्षांचा, निवृत्तीला आलेला अभियंता. आंघोळीनंतरची खाज मला तीन वर्षे होती आणि या तीन वर्षांत मीही ‘कोरडी त्वचा’ याच खात्यात जमा होतो. पुढे डोके जड राहू लागले, चेहरा लालबुंद दिसू लागला, आणि एका नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १८.९ व हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) ५६ निघाले. जॅक-२ या जनुकाची तपासणी केल्यावर पॉलिसायथीमिया व्हेरा असे निदान झाले. हा अस्थिमज्जेचा विकार असून त्यात तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. जॅक-२ मधला तो बदल २००५ मध्ये सापडला, आणि या विकाराच्या शंभरातल्या सुमारे ९५ रुग्णांत तो असतो. पाण्याने येणारी खाज या आजाराच्या निदानाच्या कित्येक वर्षे आधीपासून असू शकते, हे मला माझ्या रक्तविकारतज्ज्ञांनी नंतर सांगितले. आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आपल्याला घाबरवण्याचा हेतू नाही. अशी खाज असलेल्या पुष्कळ लोकांना हा आजार नसतो. पण आपण दिलेल्या अहवालांच्या यादीत साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, कुठेच दिसत नाही, याचे मला आश्चर्य वाटले. तो करावा आणि केवळ हिमोग्लोबिन पाहून अहवाल बाजूला ठेवू नये. हिमॅटोक्रिट, तांबड्या पेशींची संख्या, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) आणि प्लेटलेट्स हे चारही आकडे पाहावेत, आणि सोबत लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन करावे. कारण शरीरात लोह कमी असेल तर या आजारातही हिमोग्लोबिन वाढलेले दिसेलच असे नाही, आणि आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता किती सर्रास असते हे आपण जाणताच. नुसत्या लोहाच्या कमतरतेनेही खाज येऊ शकते, तो भाग वेगळा.

माझ्या खाजेचे म्हणाल तर, दर काही आठवड्यांनी रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली आणले तरी ती गेली नाही. नंतर गोळ्या सुरू झाल्यावर कमी झाली. मला रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन चालू आहे आणि काहींना त्याने खाजही कमी होते, परंतु ते वाचून आपण मनाने सुरू करू नये.

प्रतिसाद २

माझ्या सर्व तपासण्या, जॅक-२ सह, निर्दोष आल्या आणि तरीही खाज अकरा वर्षे आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूचीही नोंद असावी म्हणून लिहीत आहे. मला नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांच्या प्रकाशोपचाराचा, सर्वांत जास्त उपयोग झाला. आठवड्यातून तीन वेळा, एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात, उभ्या कपाटासारख्या यंत्रात काही मिनिटे उभे राहायचे. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून फरक जाणवू लागला आणि मी दहा वर्षांत प्रथमच गणपतीत पहाटे आंघोळ केली. उपचार थांबवल्यावर चार महिन्यांनी खाज परत आली, हेही प्रामाणिकपणे सांगते.

तेलाचा अनुभव मलाही आहे. मी खोबरेल लावून पंधरा मिनिटे थांबते, पाणी पटकन घेते आणि टॉवेलने घासत नाही, नुसते टिपते. सोड्याने मला काहीही झाले नाही. टबात माणूस वीस मिनिटे बुडून बसतो, बादलीचे पाणी अंगावरून दहा सेकंदांत वाहून जाते, हे कारण असावे असा माझा अंदाज. बीटा-अ‍ॅलानिन नावाची व्यायामशाळेतली पावडर काहींना लागू पडते असे वाचून मी तीही घेऊन पाहिली. तिने स्वतःच अंगाला मुंग्या येतात, त्यामुळे खाज कोणती आणि पावडरीच्या मुंग्या कोणत्या, याचा घोळ होऊन मी ती सोडली. आपण दुसऱ्या कोणत्या कारणासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने पाण्याची खाज सुरू झाल्याची उदाहरणे आहेत.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा दुसरे कोणतेही औषध मी नियमित घेत नाही.

सीबीसी करून घेतला. हिमोग्लोबिन १२.६ आहे आणि तेवढेच पाहून प्रयोगशाळेतल्या बाईंनी ‘छान आहे’ म्हणून कागद हातात दिला. परंतु आपण सांगितल्याप्रमाणे पुढचे आकडे पाहिले तर तांबड्या पेशी ५४ लाख, एमसीव्ही ७२, हिमॅटोक्रिट ३९, प्लेटलेट्स ४.१ लाख आणि फेरिटिन अवघे ८ आहे. हे घेऊन कराडला एका फिजिशियनकडे गेले. त्यांनी प्रथमच माझे म्हणणे मध्ये न तोडता ऐकले आणि त्यांच्यासमोरच ओला कापूस माझ्या दंडावर ठेवून घड्याळ लावले. बाराव्या मिनिटाला मी खुर्चीत चुळबुळ करू लागले, तेव्हा ते म्हणाले, “दिसत नाही, पण आहे.”

पेशी लहान आणि संख्येने जास्त, याचा अर्थ लोहाच्या कमतरतेने झाकलेला पॉलिसायथीमिया असाही निघतो आणि थॅलेसीमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकाराचे सौम्य वाहकत्व असाही निघतो, असे त्यांनी समजावले. त्यामुळे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी आणि जॅक-२ असे दोन्ही नमुने पुण्याला पाठवले आहेत. लोहाच्या गोळ्याही जॅक-२ चा अहवाल येईपर्यंत थांबवायला सांगितल्या आहेत, कारण तो आजार असल्यास लोह दिल्याने पेशी वेगाने वाढू शकतात. अहवालाला दहा-बारा दिवस लागतील.

सोडा मीही आठवडाभर वापरला, बादलीला दोन चमचे. उपयोग शून्य. खोबरेल लावून थांबण्याने खाज पन्नास मिनिटांवरून पंचवीसवर आली आहे.

आता एकच विचारायचे राहिले. जॅक-२ निर्दोष आल्यास मला यूव्हीबी करून पाहायचे आहे. आठवड्यातून तीनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जाणे शाळेच्या वेळेत बसत नाही. चिपळूण, खेड किंवा रत्नागिरी येथे पूर्ण अंगाचे नॅरोबँड यूव्हीबी यंत्र कोणाच्या पाहण्यात आहे का? केवळ हातापायांसाठीचे लहान यंत्र आमच्या इथे आहे, पण मांड्या आणि पाठ त्यात मावत नाहीत.