प्रतिसाद: संचालक शास्त्रज्ञच कशाला हवा?

वर कुणी विचारलंय की पर्यावरण संशोधन केंद्राचा प्रमुख शास्त्रज्ञच कशाला हवा, चांगला प्रशासक का चालत नाही? मला नाही पटत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं परिसरशास्त्र केंद्र बघा. १९८३ मध्ये आपल्या माधव गाडगीळांनी, म्हणजे एका परिसरशास्त्रज्ञानेच, ते उभं केलं. तिथल्याच रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरचा तुकडा आखला. सेंटीमीटरभर जाडीच्या खोडालाही क्रमांक, आणि मग वर्षानुवर्षं मोजणी: कोणतं मेलं, कोणतं नवं उगवलं. (हत्ती मध्येच झाडं मोडून ठेवतात, तेही नोंदवायचं!) पहिली पाच वर्षं यातून दाखवण्यासारखं फारसं काही निघत नाही. निव्वळ प्रशासकाने तिसऱ्या वर्षीच ‘आउटपुट काय?’ विचारलं असतं.