आजीची मांडी, बूस्टर सीट आणि गाडलेलं बकल

कात्रजची_कार्टी
सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलेलं वाचता वाचता तव्यावरची पोळी करपली. "आम्ही फियाटमध्ये नऊ जण कोंबून गणपतीपुळ्याला जायचो, कोणाला खरचटलंही नाही. आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही. मुलांना कारमध्ये उंच बसवायची ती बूस्टर सीट म्हणजे पैसे उकळायचं फॅड." खाली बावीस अंगठे. काका सेक्रेटरी आहेत आणि माझं पार्किंगचं प्रकरण त्यांच्याकडे अडकलंय, म्हणून इथे लिहितेय.

काका, तुमची फियाट घाटात इंजिन थंड करायला थांबायची. आज समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे. ताशी ५० ने नुसती भिंतीवर आदळली तरी ते साधारण दहा मीटरवरून पडण्यासारखं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आजी नातवाला घेऊन खाली आली तर "मी घट्ट धरलं होतं" याचा काय उपयोग? आणि आजीनेच बेल्ट लावलेला नसेल तर पोर पुढची सीट आणि आजी यांच्या मध्ये.

बूस्टरमध्ये जादू काही नाही. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाचा. माझी मुलगी सहा वर्षांची, ११४ सेंटीमीटर. नुसती बसली की वरचा पट्टा गळ्याला काचतो, खालचा पोटावर चढतो. मग बाईसाहेब वरचा पट्टा काखेतून घेतात, म्हणजे तो असून नसल्यासारखाच. बूस्टरने ती उंच होते, खालचा पट्टा कमरेच्या हाडावर बसतो आणि वरचा खांद्यावर. धडकेत हाड तग धरतं, पोट नाही.

बार्शीचा_बंड्या
आधी रस्ते द्या, मग बूस्टर. आमच्याकडे एका स्प्लेंडरवर बाप, आई आणि दोन दप्तरांसकट दोन पोरं शाळेत जातात. हे कारवाल्यांचे चोचले.

कात्रजची_कार्टी
दुचाकीचाही नियम आहे, २०२३ च्या फेब्रुवारीपासून. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस, हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. आणि कारमध्ये चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड, २०१९ पासून.

बार्शीचा_बंड्या
हजार रुपये भरलेला एक माणूस दाखवा, त्याचा सत्कार करतो. शाल-नारळ माझ्याकडून.

हॅनोव्हरचा_जावई
इथे मूल बारा वर्षांचं किंवा १५० सेंटीमीटरचं होईपर्यंत त्याच्या मापाची सीट लागतेच, आणि कोणी हुज्जत घालत नाही. सुट्टीत पुण्याला येताना मी बूस्टर विमानातून आणला. सासरे म्हणाले, "हा पाट कशाला आणलात?" लावायला गेलो तर मागच्या सीटला बकलच नाही! रेक्झिनची गुबगुबीत कव्हरं घातलेली आणि बकल त्याखाली गाडलेलं. गाडी तीन वर्षांची, कव्हरं घातल्यापासून मागचा बेल्ट एकदाही लावलेला नाही.

पटवर्धनबागेतला
कव्हरांना नावं ठेवू नका. तुमच्या जर्मनीत पोरं सीटवर उसाचा रस सांडत नसतील. मूळ कापड एकदा खराब झालं की वास जात नाही.

स्पॅनर_१४
वास परवडला. पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर तिथे चारी बाजूंनी बंद कव्हर घालायचं नसतं. बॅग शिवण फाडून बाहेर येते, वर जाड रेक्झिन असेल तर अडते. सहा एअरबॅगची गाडी घ्यायची आणि वर कव्हरं चढवायची, मग पैसे कशाचे मोजले?

पटवर्धनबागेतला
शोरूममधूनच घालून दिली होती! तेव्हा कोणी बोललं नाही.

कव्हरवाला_नगर
शेवटी बिल आमच्यावरच फाडणार ना? बावीस वर्षं दुकान आहे. गिऱ्हाईकच सांगतं, "मागची बकलं आत दाबून टाका, बसताना टोचतात." मी चीर ठेवून देतो, तर "फिनिशिंग नाही" म्हणून पैसे कापतात. वर बेल्ट न लावल्यावर वाजणारा आवाज बंद करायची नुसती क्लिप मागतात. मी ती ठेवत नाही. एक गिऱ्हाईक त्यावरून शिव्या देऊन गेलं.

स्पॅनर_१४
क्लिप ठेवत नाही हे बरं. बाकी चीर ठेवणं हे काम आहे, उपकार नाही.

कव्हरवाला_नगर
तुम्ही या, शिवून दाखवा.

तिघांची_आई
कव्हरं राहू द्या हो. माझा प्रश्न: मागे सासूबाई, सासरे आणि माझी दोन मुलं. मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा. कोणाला उतरवू? मला खरंच उत्तर हवंय, भाषण नको.

कात्रजची_कार्टी
नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर चालत नाही, त्याला खांद्यावरचा पट्टा हवाच. आणि तीन जागांवर चार माणसं बसतील असं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही सासऱ्यांना बसने पाठवलं. त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता, तोही सांगून टाकते.

बार्शीचा_बंड्या
वा! नातीला सीट, आजोबांना एसटी. हेच संस्कार.

कात्रजची_कार्टी
शिवनेरीने गेले. आणि संस्कार काढणारच असाल तर ऐका. दोन वर्षांपूर्वी नवले पुलाच्या उतारावर नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. धडक नाही, नुसता ब्रेक. मुलगी पुढे माझ्या मांडीवर, माझे दोन्ही हात तिच्याभोवती. हातातून साबणासारखी निसटली. हनुवटीला सहा टाके. अजून जिभेने दाताचा तुकडा चाचपते. त्या दिवसापर्यंत माझंही मत काकांसारखंच होतं.

पटवर्धनबागेतला
हे आधी सांगायचं ना.

हॅनोव्हरचा_जावई
आणि मोठ्यांचं काय? २०२२ ला चारोटीजवळ अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी मर्सिडीज, पण ते मागे बसलेले आणि बेल्ट नव्हता. त्यानंतर सासुरवाडीत सगळ्यांनी मागे बेल्ट लावला. नवीन कव्हरं येईपर्यंत.

बार्शीचा_बंड्या
झोप येईना म्हणून रात्री खाली जाऊन कव्हर उसवलं. बकल सापडलं. सोबत दोनचं नाणं, शेंगदाणे आणि हिचं दिवाळीत हरवलेलं जोडवं, ज्यावरून मोलकरणीला बोलणी बसली होती. जोडव्याबद्दल आभार. बूस्टरचं बघू.

कात्रजची_कार्टी
मुलाची उंची किती?

बार्शीचा_बंड्या
१२१. बघू म्हटलं ना.