प्रतिसाद: झोलिंगेनचा शिक्का पुरेसा नाही

वर एका जुन्या तलवारीच्या फोटोवर ‘पात्यावर झोलिंगेन लिहिलंय, म्हणजे कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळातलीच’ असं म्हटलंय, ते पटलं नाही. झोलिंगेन या जर्मन गावात तलवारी त्यानंतरही बनतच राहिल्या. फोटोतली तलवार प्रशियन (जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या) पायदळ अधिकाऱ्याची, १८८९च्या नमुन्याची वाटते. तिच्या परजेवर (मुठीपुढच्या, हात वाचवणाऱ्या भागावर) गरुड आणि मुठीवर कैसर दुसऱ्या विल्हेल्मचं मुकुटासह आद्याक्षर असतं. परजेचा एक भाग बिजागरीवर दुमडतो. तो नीट हलतो का बघा. तलवार बनवणाऱ्या कारखान्याची खूणही शोधा: आइकहॉर्न कंपनीची खार, डब्ल्यूकेसी कंपनीचं शिरस्त्राणधारी सरदाराचं डोकं. पात्याला धार नाही म्हणून नकली समजू नका, मिरवायच्या तलवारीला ती बहुधा नसायचीच. आणि कृपा करून पितांबरीने घासू नका! जुना मुलामा गेला की गेलाच.