गार डोसा परत पाठवणारी माणसं

सोलापुरी_चादर:
काल फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. डोसा आला, तिनं बोट लावून बघितलं आणि वेटरला म्हणाली, "काका, गार आहे. बदलून द्याल?" आवाज चढा नाही, आईकडे बघणं नाही. काका हसत घेऊन गेले. मी पंचेचाळिशी ओलांडलेला, पगार बरा. माझाही डोसा गारच होता. मुकाट खाल्ला.

त्यावरून १९९७ आठवलं. सीओईपीचं, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं पहिलं वर्ष, प्रभात रोडचा मित्र घरी जेवायला घेऊन गेला. बंगला, झोपाळा, भिंतभर पुस्तकं, सगळं होतंच. पण दचकलो ते पानावर. आमटी वाढता वाढता त्याच्या बाबांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं, टिकेल का गुजराल सरकार?" आमच्याकडे वडील बोलायचे, बाकीचे जेवायचे. अठरा वर्षांत मला कुणी मत विचारलं नव्हतं. मी आपला "टिकेल" म्हणालो. तेवढ्यात त्याची सहावीतली बहीण म्हणाली, "नाही टिकणार, बाबा तुमचंही चुकतंय." मला वाटलं आता बसतेय हिला. बाबा म्हणाले, "का बरं?" आणि खरंच ऐकत बसले. आमटी गार झाली.

(सरकार नोव्हेंबरात पडलं.)

तुमचे अनुभव लिहा. दोन्ही बाजूंचे चालतील, सहज मागणाऱ्यांचे आणि मुकाट खाणाऱ्यांचेही.

पर्वतीपायथा:
न आणि ण बद्दल कुणीतरी लिहा. बरं, मीच लिहिते. अकरावीत वर्गात "पानी" म्हणाले, मागचा अख्खा बाक फिदीफिदी. पुढे दोन वर्षं तो शब्दच टाळला. तहान लागली की "बाटली दे" म्हणायचे. आता वकिली करते, शिवाजीनगर कोर्टात, ण ठणठणीत. चिडले की मात्र पानीच येतं आणि तेव्हाच मी सगळ्यात बरी बोलते, असं अशील सांगतात.

कर्वेरोड_कायमचा:
"बाटली दे"! आमच्या हॉस्टेलवर वेगळाच अर्थ निघाला असता.

पर्वतीपायथा:
निघाला ना. रेक्टरबाईंपर्यंत गेलं होतं प्रकरण. कुकर झाला, नंतर लिहिते.

झोपाळा_आमचाही:
मी त्या बाजूची. आपल्याकडे असं काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पहिल्या कामावर सहा महिने एक पैसा नव्हता, मी मजेत. घर शहरातच, डबा आईचा, पेट्रोल बाबांचं. सोबतची बीडची मुलगी माझ्याहून हुशार, तिला तिसऱ्या आठवड्यात सोडावं लागलं, कॉटबेसिसचं भाडं थकलं होतं. मी तिला म्हणाले होते, "आवडीचं करावं गं, पैसे काय, येतात मागून." अजून आठवलं की कान गरम होतात.

मुठेकाठचा:
आमचा वाडा पानशेतच्या पुरात गेला, १२ जुलै १९६१. आजोबा अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. पंधरा दिवसांत डेक्कनला एका स्नेह्यांकडे दोन खोल्या मिळाल्या, महिन्याभरात उसने पैसेही. मागच्या चौकातली बिऱ्हाडं गोखलेनगरला निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या बराकींत गेली. पूर एकच, पाणी तेवढंच. पण आजोबा शेवटपर्यंत सांगायचे, "मी शून्यातून उभं केलं." आम्ही माना डोलवायचो.

चादरीला_सुई:
आमच्या सोसायटीत नवरा बर्म्युडा घालून कुणाच्याही विंगेत शिरतो, वॉचमन सलाम ठोकतो. मी पंजाबी ड्रेस आणि भाजीची पिशवी घेऊन आले की रजिस्टर पुढे. फ्लॅट माझ्या नावावर आहे हो!

कर्वेरोड_कायमचा:
नवरा कुठला?

चादरीला_सुई:
एरंडवणा. तिसरी पिढी. रजिस्टर हा शब्दच त्याला नवीन.

हडपसर_एक्सप्रेस:
विषयाला सोडून आहे, पण मुलीला पोहायला घालायचंय. टिळक तलावाच्या उन्हाळी बॅचचं कुणाला माहीत आहे का? चौकशीला जायचं तर मलाच धाकधूक होते, म्हणून इथे विचारतोय.

झोपाळा_आमचाही:
मुलीलाच पुढे करा. "काका, जागा आहे का?" एवढंच म्हणू दे.

मुठेकाठचा:
चादरराव, तुमच्या डोशाचं पुढे काय झालं?

सोलापुरी_चादर:
संपवला. काकांनी "कसा होता?" विचारलं. "मस्त" म्हणालो. टीपही ठेवली.